शून्याला ऑडिट पॅरा नसतो

जिल्हा नियोजन समितीचे सन्माननीय सदस्य, आणि जिल्हा परिषदेत आरोग्याचं टेबल जे जे सांभाळतात ते सगळे साहेब-मॅडम, यांना सप्रेम नमस्कार.

मी रिटायर माणूस. २९ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो, म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं होतं, निर्माण म्हणाल तर आयुष्यात एक गोळी पण केली नाही, गावात सगळे कंपाउंडरच म्हणायचे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. केंद्राचं नाव लिहीत नाही, तालुका पण नाही, कारण आज तिथे जी पोरं काम करतायत त्यांना माझ्यामुळे खुलासा मागायची नोटीस जायला नको. कोकणातलं आहे एवढं समजून चाला. पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेची जुळवाजुळव सुरू झालीये असं ऐकलं म्हणून दवाखान्यातल्या औषधांची मागणी आणि खरेदी कशी होते त्याबद्दल लिहायला बसलो, मीटिंग झाल्यावर लिहून काय उपयोग.

आधी एक रात्र सांगतो. लावणीचे दिवस, पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं, रात्री साडेनऊच्या सुमाराला एका बाईला आणलं, बांधावरून उतरताना पायाला काहीतरी चावलं, साप बघितलेला नाही. पाय सुजत चाललेला. आमच्या डॉक्टर मॅडम नवीन, बॉण्डवर आलेल्या, म्हणजे शिक्षण झाल्यावरची सक्तीची सरकारी सेवा, पण हुशार पोरगी, घाबरली नाही. मला म्हणाली, काका, टेस्ट ट्यूब द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साप कुठला ते कळलं नाही तर एक साधी टेस्ट असते, दोन मिली रक्त काढायचं, काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं कुणी हात न लावता तसंच ठेवायचं, मग नळी आडवी करून बघायची. रक्त थिजलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, की समजायचं घोणस किंवा फुरसं आहे, विष रक्तात गेलंय, लस चालू करा. ना मशीन लागतं ना लॅब टेक्निशियन, घड्याळ आणि काचेची नळी, संपलं. पण नळी काचेचीच पाहिजे. प्लॅस्टिकच्या नळीत चांगल्या माणसाचं रक्तसुद्धा धड गोठत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेत पण फसवाफसवी होते.

मी कपाट उघडलं. ट्यूब होत्या, चिक्कार होत्या, पाकिटंच्या पाकिटं. सगळ्या प्लॅस्टिकच्या.

सर्पदंशाची लस होती हो! महागाची लस होती, ती द्यायची की नाही हे सांगणारी दोन-चार रुपयांची काच नव्हती. शेवटी शिपायाला मोटरसायकलवर हायस्कूलच्या सरांकडे पाठवला, सर छत्री घेऊन उठून आले, प्रयोगशाळा उघडली, खोक्यातल्या न वापरलेल्या सहा ट्यूब दिल्या. रक्त गोठलं नाही. लसीच्या दहा वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लावल्या, मग १०८ आली आणि सिव्हिलला नेलं. बाई वाचली, आता बाजारात भेटते तेव्हा तिच्या शेतातली काकडी हातात कोंबते. पण त्या रात्री काच शोधण्यात आमचा पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल मग मागणी का नाही केली काचेची. केली होती ना! मागणीत मी लिहिलं होतं ग्लास टेस्ट ट्यूब. वर जाताना कुठेतरी ते नुसतं टेस्ट ट्यूब झालं, खरेदीच्या नियमाने ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला ऑर्डर, आणि प्लॅस्टिक स्वस्त असतं. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये, खरंच नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला. फक्त टेस्ट ट्यूब कशासाठी लागते हे ज्याला माहीत होतं तो माणूस खरेदीच्या टेबलापासून ऐंशी किलोमीटरवर होता आणि त्याला कुणी फोन केला नाही.

आणि मागणी कशी होते ते पण एकदा ऐकाच. दुपारी तीन वाजता तालुक्यावरून फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप, उद्या अकरापर्यंत वर्षाची मागणी पाठवा, वरून अर्जंट आहे. समोर ओपीडीची रांग. मग काय करतो माणूस, मागच्या वर्षीची शीट उघडतो, प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी वाढवतो, खाली सही शिक्का, पाठवून दिली. मी स्वतः असं केलंय, एकदा नाही बरेच वर्षं केलंय, लाज वाटते सांगायला पण खरं आहे. मागच्या वर्षीच्या शीटमध्ये त्याच्या मागच्या वर्षीची चूक असते, तिच्यावर दहा टक्के. तुमच्यापर्यंत येतं तेव्हा त्याला गरज म्हणतात आणि त्याच्यावर आराखडा उभा राहतो.

मुळात कंपाउंडरला भीती कशाची असते माहितीये? औषध संपायची नसते. औषध एक्सपायर व्हायची असते. एक्सपायरी झाली की ऑडिटवाला पॅरा काढतो, म्हणजे अहवालात आक्षेप लिहितो, वसुली लागू शकते, पेन्शन अडकते. आणि कपाटात औषध शून्य असलं तर? काही नाही. शून्याला ऑडिट पॅरा नसतो. माझ्या २९ वर्षांत एकाही ऑडिटरने विचारलं नाही की बाबा ही बीपीची गोळी ४३ दिवस शून्यावर होती तेव्हा पेशंटनी काय खाल्लं. मग हाताखालचा माणूस काय शिकतो, कमी मागा, जपून वाटा, आणि जे पाठवतील ते मुकाट घ्या. बीपीवाल्या म्हाताऱ्याला महिन्याच्या गोळ्या द्यायच्या तर दहा दिवसांच्या द्यायच्या, पुढच्या सोमवारी या आजोबा. आजोबांचं येण्याजाण्याचं भाडं, एक दिवसाची मजुरी, हे खर्चाच्या कुठल्या हेडला, म्हणजे खात्याला टाकायचं ते मला कधी कळलं नाही. ते येणं बंद करतात. मग पुढे एक दिवस लकवा मारून येतात.

हिशोब काही अवघड नसतो. समजा केंद्राच्या रजिस्टरला बीपीचे ४०० पेशंट आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी, तर वर्षाला १,४६,००० गोळ्या, चौथीतलं पोरगं करेल. हे ४०० आशाताईंच्या वहीत घरानुसार लिहिलेले असतात, कोण मुंबईला पोराकडे गेलं, कोण वारलं, सगळं. ती वही आणि खरेदीची शीट या दोघींची आजपर्यंत भेट झालेली नाही. आता ई-औषधी आली, कॉम्प्युटरवर सगळा स्टॉक दिसतो, चांगली गोष्ट आहे, पण आज किती शिल्लक आहे एवढंच बघतात, किती दिवस शून्य होतं हा प्रश्न त्या कॉम्प्युटरला कुणी विचारत नाही. विचारला तर पाच मिनिटांत सांगेल तो.

उलट बाजू पण आहेच. न मागितलेलं येतं. एका वर्षी आमच्याकडे कॅल्शियमच्या गोळ्या एवढ्या आल्या की बाळंतिणीच्या खोलीत खोकी रचली, मुदत संपायला चार महिने राहिलेले, आजूबाजूच्या केंद्रांना फोन केले घेता का तर त्यांच्याकडे पण तेच. आणि त्याच पावसाळ्यात प्राझोसिन नाही. प्राझोसिन म्हणजे बीपीची जुनी साधी गोळी, पण आमच्या कोकणात ती विंचवाची गोळी आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ती विंचूदंशावर वापरून माणसं वाचवून दाखवली आणि ते सगळ्या जगात गेलं, त्यांना पद्मश्री पण मिळाली २०२२ ला. पण यादीत ती बीपीच्या खाली आहे ना, वर बसलेल्याने बघितलं की बीपीला दुसऱ्या नव्या गोळ्या भरपूर आहेत, मग ही कशाला, काट मारली. विंचू काही यादी वाचून चावत नाही.

आता खास नियोजन समितीच्या सदस्यांसाठी. पालकमंत्री अध्यक्ष, कलेक्टर साहेब सचिव, मीटिंगला आमदार-खासदार, मोठी समिती आहे तुमची, १९९८ चा कायदा आहे तिच्यामागे. तुमच्याकडून आरोग्याला पैसे येतात ते बहुतेक दिसणाऱ्या वस्तूंना येतात. बिल्डिंग, मशीन, गाडी. फीत कापता येते, फोटो येतो, मी समजू शकतो. आणि येतात कधी, तर मार्च एंडला, ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा म्हणून धावपळ, त्यात जे हाताला लागेल ते घेतलं जातं. आमच्याकडे रक्त तपासायचं मोठं मशीन आलं असंच, पाया पडून घ्यावं असं मशीन. त्याला लागणारं केमिकल पुढच्या वर्षी कुठल्या हेडमधून घ्यायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. पहिल्या खोक्याबरोबर आलेलं केमिकल संपलं आणि मशीनवर चादर पडली, वर गणपतीचं कॅलेंडर. लग्नात घोडी ठरवतात तसं झालं, वरात झाली की चारा कोण घालणार ते कुणाला माहीत नाही.

राज्याच्या पातळीवर पण किती प्रयोग झाले बघा. २०१७ ला औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. परळची हाफकिन ही १८९९ पासूनची संस्था, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन साहेबांचं नाव तिला, सापाची लस बनवणारी माणसं ती, त्यांना टेंडर काढायला बसवलं, म्हणजे सुगरणीला किराणा दुकानाचा गल्ला दिल्यासारखं. मग २०२३ ला कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. औषधं होती की नव्हती यावर दोन्हीकडून बोललं गेलं, मी त्या वादात पडत नाही. पण तेव्हा आमच्या कट्ट्यावर पहिल्यांदा लोक खरेदी कशी होते यावर बोलायला लागले, एरवी तो विषय कुणाच्या तोंडात नसतो, डॉक्टर चांगला की वाईट यावर गाडी थांबते.

प्राधिकरण मुंबईत आहे, त्यांचं ते बघतील. मला सांगायचंय ते पासबुकाचं. तामिळनाडूत १९९४ ला खरेदीचं सरकारी महामंडळ काढलं. आपल्याकडे सगळे त्याचं नाव घेतात, टेंडर पारदर्शक, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक बॅचचं सॅम्पल तपासून मगच वाटप, ते सगळं आहेच. पण मला भावलं ते पासबुक. प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक, त्यात वर्षाची रक्कम जमा, आणि दवाखाना आपल्याला लागेल ते औषध गोदामातून उचलतो, तेवढी रक्कम वजा होते. बँकेसारखं. म्हणजे माझ्याकडे विंचू जास्त तर मी प्राझोसिन उचलीन, शेजारच्या केंद्रात विंचू नसतील तर तो दुसरं काही उचलेल, आणि कॅल्शियमची खोकी माझ्या अंगावर कुणी टाकणार नाही कारण माझ्या खात्यातले पैसे कापले जाणार ना, मी घेईन का? दर एकत्र ठरतो, निवड खालून होते. एवढी साधी गोष्ट, पुस्तक छापायला किती खर्च येतो.

आणि सगळं मुंबईवर ढकलू पण नका, थोडे पैसे आपल्या हातात असतात. केंद्राला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला अबंधित निधी (गरजेप्रमाणे खर्चायचा), देखभालीचा आणि रुग्ण कल्याण समितीचा असे मिळून पावणेदोन लाखाच्या आसपास यायचे, वेळेवर आले तर. ओपीडीच्या केसपेपरचे पैसे पण समितीकडे असायचे, १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने उपचार मोफत केले, गरिबाच्या दृष्टीने उत्तमच झालं, मी स्वतः पेढे खाल्ले, पण समितीच्या डब्यातली चिल्लर गेली ती कशाने भरायची ते ठरलं पाहिजे होतं. काचेच्या ट्यूब मी ह्याच पैशातून घ्यायला बघत होतो. समितीची मीटिंग सात महिने झाली नव्हती, अध्यक्ष जागेवर नाहीत, २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सह्यांवाचून पैसे बँकेत पडून. मीटिंगचं इतिवृत्त मात्र तयार असायचं, चहा-बिस्किटाच्या बिलासकट, आता जास्त बोलत नाही.

ठेक्यावरच्या सेवांबद्दल थोडक्यात. झाडलोट, शिपाई, ड्रायव्हर, लॅब, सगळं हळूहळू एजन्सीकडे चाललंय, मी त्याच्या सरसकट विरोधात नाहीये, १०८ बघा, २०१४ ला सुरू झाली ९३७ गाड्या घेऊन, त्याआधी रात्री गाडी मिळवणं म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलंय. पण करारात पैसे कशाचे मोजता तेच तुम्हाला मिळणार. तपासण्यांची संख्या मोजाल तर तपासण्या वाढतील, सर्दीवाल्याची पण थायरॉइड होईल. रिपोर्ट किती तासांत पेशंटच्या हातात पडला हे मोजा. आमच्याकडे सॅम्पल सकाळी जायचं आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मोबाइलवर यायचा, ज्या आजीचा तो रिपोर्ट तिच्याकडे मोबाइलच नाही, नंबर नातवाचा, नातू पुण्यात. कागदावर सेवा दिली गेली. बिल पण निघालं.

आणि एक गोष्ट आहे जी तुमच्या कुठल्याच शीटमध्ये नाही, कारण तिची मागणी करणारा उठून तालुक्याला येऊ शकत नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं. आमच्या वाडीत गेल्या पावसाळ्यात अशी चार होती, एक कॅन्सरची, दोन लकव्याची, एक नुसतीच म्हातारी. लघवीची नळी बदलायची तर खासगी माणूस बोलवायचा, तो म्हणेल तेवढे पैसे, नाहीतर रिक्षात घालून तालुक्याला न्यायचं, नेताना पाठीच्या जखमा अजून फाटतात. पोरं मुंबईत, घरात सून एकटी, तिला जखम कशी धुवायची ते कुणी दाखवलेलं नाही. केरळात २००८ ला याचं धोरण केलं, तिथल्या ग्रामपंचायती आपल्या पैशातून नर्स ठेवतात, ती गाडीतून घरोघर फिरते, नळी बदलते, जखम धुते, घरच्यांना शिकवते. बिल्डिंग नाही, मशीन नाही. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी म्हणून देशभरात ७०,०५१ कोटी ठरवले होते, त्यातून आपल्याकडे भिंती किती उभ्या राहिल्या आणि अशा नर्स किती, एकदा तुम्हीच मोजून बघा. माझ्या बघण्यात एकही नर्स आली नाही, भिंती दोन आल्या.

कुणी म्हणेल लोकांना काय कळतं प्लॅनिंगमधलं. २००७ ला आपल्याच महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत लोकांनीच दवाखान्याची देखरेख करायची असं सुरू झालं होतं, गावात बसून कार्ड भरायचे, हिरवं पिवळं लाल, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. आमच्या खात्यातले लोक वैतागायचे, मी पण वैतागलो असतो. पण जिथे ते नीट झालं तिथल्या मित्राने मला सांगितलं की बाहेरून औषध आणा म्हणून चिठ्ठ्या लिहिणं कमी झालं, कारण चिठ्ठी पुढच्या महिन्यात माइकवर वाचली जायची!

मागणं फार नाही माझं. पुढच्या वर्षाची योजना बनवताना प्रत्येक केंद्राकडून मागणीची शीट मागायच्या आधी शून्याची शीट मागा, कुठलं औषध वर्षात किती दिवस शून्यावर होतं, एक पान पुरे. आणि ती फोन करून उद्या अकरापर्यंत मागू नका, पंधरा दिवस द्या, आशाताईंची वही समोर ठेवून भरू दे त्यांना. खरेदीची वस्तू कशासाठी लागते तो एक रकाना वाढवा. मशीन घ्याल तर पाच वर्षांचं केमिकल आणि दुरुस्ती त्याच ठरावात घ्या, नसेल जमत तर मशीन नका घेऊ. वर्षातनं एकदा एखाद्या कंपाउंडरला, एखाद्या आशाताईला तुमच्या मीटिंगला बोलवा, मागच्या खुर्चीवर बसवा चालेल, पण अजेंड्यावर औषधाचा विषय आला की त्यांना विचारा.

माझ्याकडे माझ्या शेवटच्या सहा वर्षांच्या नोंदी आहेत, ऑफिसचं रजिस्टर नाही, माझी स्वतःची लाल वही, शून्य कधी झालं आणि परत माल कधी आला त्या तारखा. कुणाला बघायची असेल तर मी एसटीने येईन, भाडं नको. त्याच निमित्ताने स्टेशनरीच्या दुकानातून काचेच्या टेस्ट ट्यूब पण घ्यायच्यात मला, हायस्कूलच्या सहातल्या दोन फुटल्या, सरांनी आत्तापर्यंत तीनदा विचारलंय आणि दहावीची प्रॅक्टिकल तोंडावर आलीयेत.

आपला,
एक रिटायर कंपाउंडर